न आलेल्या वादळाची कैफियत

ज्याची वाट पाहावी असा पाहुणा आला नाही, तर आपण त्या पाहुण्याला नावे ठेवतो. पण ज्याच्या येण्याची धास्ती घ्यावी असा पाहुणा आलाच नाही, तर नावे कुणाला ठेवतो? त्याची वर्दी देणाऱ्याला! चक्रीवादळांच्या बाबतीत हे हटकून घडते. वादळ आले, पत्रे उडाले, माड आडवे झाले, की शिव्या वादळाला. वादळ समुद्रातल्या समुद्रात विरून गेले, की शिव्या वेधशाळेला. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद माझ्या वडिलांच्या लहानपणापासून चालत आला आहे, आणि माझे विद्यार्थी तो अजून ताजा म्हणून मला ऐकवतात.

मला या विरणाऱ्या वादळांचा नाद लागला तो २०१९ च्या दिवाळीपासून. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, २७ ऑक्टोबरला, रविवारी आले होते. पहाटे उटणे, संध्याकाळी बत्तासे. मध्ये चकलीला श्वास घ्यायलाही सवड नाही. नेमक्या त्याच दिवशी अरबी समुद्रात ‘क्यार’ नावाचे वादळ आपल्या बळाच्या शिखरावर चढत होते. दोनच दिवसांपूर्वी ते रत्नागिरीच्या पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटरवर होते. आपल्या किनाऱ्याकडे पाठ करून ते पश्चिमेला निघाले आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याचे ‘सुपर चक्रीवादळ’ झाले. ताशी २२२ किलोमीटरच्या वर वारा गेला की ही पदवी मिळते. क्यारचा वारा २४० पर्यंत गेला. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्राने एवढे दांडगे वादळ पाहिले नव्हते. नाव म्यानमारने सुचवलेले, आणि तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ वाघ. आपल्याकडे वसुबारसेला काही ठिकाणी वाघबारस म्हणतात, त्यामुळे पाहुणा तसा मुहूर्त साधूनच आला होता म्हणायचा.

मग या वाघाने केले काय? कुणाच्या दारात पाऊलसुद्धा टाकले नाही. ओमानच्या दिशेने जाता जाता तो नैर्ऋत्येकडे वळला, दिवसागणिक अशक्त होत गेला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत भर समुद्रात संपला. आमच्या शेजारचे गृहस्थ भाऊबिजेच्या दिवशी वर्तमानपत्र घडी करून ठेवीत म्हणाले, “बघा, एवढा गाजावाजा केला आणि शेवटी फुसका बार!” दिवाळीचे दिवस असल्यामुळे उपमा अगदी चपखल होती. पण ती खरी होती का?

हे कळायला वादळ जगते कशावर ते आधी पाहिले पाहिजे. चक्रीवादळ ही वाफेवर चालणारी भट्टी आहे. समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम असावे लागते, आणि तेही नुसते वरचे वर नव्हे, चांगले खोलवर. त्या पाण्याची वाफ वर चढते, तिचे ढग होतात, ढग होताना तिच्यातली उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते, खाली दाब कमी होतो आणि चोहोबाजूंनी वारा आत धावतो. आपल्या घरच्या चुलीला ओले सरपण चालत नाही. या चुलीला ओलावा हेच सरपण.

म्हणून तिला विझवायचे मार्गही तिच्या सरपणातच आहेत. पहिला म्हणजे गार पाणी. उत्तरेकडे किंवा अरबस्तानाच्या बाजूला गेले की खोलवर साठलेली ऊब कमी होत जाते. शिवाय वादळ स्वतःच समुद्र घुसळून खालचे थंड पाणी वर आणते. भरभर पुढे जाणाऱ्या वादळाला याचे फारसे काही नसते, पण एकाच जागी रेंगाळणारे वादळ बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवते. दुसरा मार्ग कोरड्या हवेचा. अरबस्तानाच्या वाळवंटावरून आलेली हवा ढगांच्या पोटात शिरली, की ढग आतून पोकळ होऊ लागतात. तिसरा मार्ग मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. वादळ म्हणजे दहा-पंधरा किलोमीटर उंचीची, एकावर एक नीट रचलेली मडक्यांची उतरंड. खालचा वारा आणि वरचा वारा साधारण सारखे वाहत असतील तोवर ती सरळ उभी राहते. वरच्या थरातला वारा एकदम जोराने एका बाजूला वाहू लागला, की वरची मडकी सरकतात. उपग्रहाच्या चित्रात मग पांढऱ्या ढगांचा ढीग एका बाजूला ढकललेला दिसतो आणि खालचा भोवरा उघडा पडतो, डोक्यावरचे पागोटे उडालेल्या माणसासारखा.

क्यारच्या पाठोपाठ ‘महा’ आले. हे नाव ओमानचे. त्याचा महाराष्ट्राशी काही संबंध नाही, जरी त्या दिवसांत मुंबईत सरकार कोण बनवणार याचे दुसरेच वादळ चालू होते, आणि त्याचा मार्ग तर जगातल्या कुठल्याही वेधशाळेला सांगता आला नसता. ‘महा’ लक्षद्वीपवरून वायव्येला सरकले; क्यार अजून पुरते विझले नव्हते तोच अरबी समुद्रात हे दुसरे पेटले. ४ नोव्हेंबरला ते अतिशय उग्र झाले आणि मग गुजरातकडे वळणार असे दिसू लागले. सौराष्ट्रात तयारी सुरू झाली, पालघर-डहाणूच्या बोटी परत बोलावल्या गेल्या. पण हवामान विभागाच्या पत्रकांत त्याच वेळी दुसरेही एक वाक्य होते: वळताना वादळ क्षीण होत जाईल. बऱ्याच लोकांनी पत्रक तिथपर्यंत वाचलेच नाही. वर्तमानपत्राचे मथळेही पत्रकाचा पूर्वार्धच छापतात.

हे वाक्य लिहिण्यामागे अंगठा दाखवून कौल लावलेला नव्हता. नोव्हेंबरात पश्चिमेकडून येणारे उंचावरचे जोरदार वारे दक्षिणेकडे उतरू लागलेले असतात. वादळ उत्तर-पूर्वेला वळले, की ते त्या वाऱ्यांच्या तोंडी जाते, उतरंड कलंडते. वायव्येकडून कोरडी हवा येते. उत्तर अरबी समुद्राचे पाणीही उतरत्या ऊबेचे. २०१४ चे ‘नीलोफर’ असेच गुजरातच्या वाटेवर समुद्रात संपले होते, २०१७ चे ‘ओखी’ही. ‘महा’चेही तेच झाले. ४ नोव्हेंबरला जे ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या वर घोंगावत होते, ते ७ नोव्हेंबरला दीवच्या दक्षिणेला साधा कमी दाबाचा पट्टा होऊन पडले.

इथे मला माझ्या धंद्याची थोडी लुडबूड करू द्या. वादळाचे येणे सांगायला मराठीत क्रियापदांची नुसती रेलचेल आहे. ते उठते, उसळते, घोंगावते, धडकते, थैमान घालते. त्याच्या जाण्यासाठी मात्र आपण एकच शिक्का वापरतो: ‘धोका टळला’. वास्तविक आपल्याकडे शब्द आहेत, आणि प्रत्येकाचे घर वेगळे आहे. पूर ओसरतो, तापही ओसरतो. पाणी निवळते, आभाळ निवळते. राग शमतो, तहान शमते. आणि कापड विरते. मला समुद्रातल्या वादळासाठी हा शेवटचा शब्द सगळ्यांत नेमका वाटतो. विरलेले धोतर पाहा. धागे उभे-आडवे आहेत, पण उजेडात धरले की आरपार दिसते. उपग्रहाच्या चित्रात मरणारे वादळ हुबेहूब असेच दिसते. आणि विरलेले धोतर त्याच दिवशी फाटत नाही, हेही गृहिणींना सांगायला नको.

हवामानशास्त्राला ही गोष्ट फार पूर्वी उमगली आहे. आपल्या समुद्रांत वादळाच्या पोटात विमान घालून वारा मोजण्याची नित्याची पद्धत नाही. अमेरिकेकडे ती आहे. आपल्याकडे मुख्य भिस्त उपग्रहाच्या चित्रांवर. चित्रातल्या ढगांच्या आकारावरून वाऱ्याचा वेग कसा ताडावा, याची रीत व्हर्नन ड्वोरॅक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बसवली आणि ती आजही जगभर चालते. ढगांची वळणे, त्यांचा थंडपणा, मधला डोळा हे सगळे पाहून वादळाला एक ते आठपर्यंत गुण द्यायचे, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी. आम्ही पेपर तपासतो तसेच हे. पण ड्वोरॅकच्या रीतीत एक नियम असा आहे की तो वाचल्यावर मला त्या माणसाबद्दल आदर वाटू लागला. वादळ वाढत असेल तर चित्रावरून मिळालेले गुण तसेच्या तसे धरायचे. पण वादळ विरत असेल, तर चित्रावरचे गुण उतरले तरी त्याचे बळ लगेच उतरवायचे नाही. काही तास ते चढेच धरायचे. कारण ढग आधी मोडतात, वारा मागाहून पडतो.

ताप उतरला तरी चांगला डॉक्टर रोग्याला त्याच दिवशी अंथरुणातून उठू देत नाही, तशातलाच हा प्रकार. आणि वाऱ्याच्याही मागून समुद्र शांत होतो. शेकडो किलोमीटरवर वाऱ्याने उठवलेल्या लाटा वारा पडल्यावरही चालत राहतात. क्यार दूर असतानाही देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर उधाण आले होते. कोकणात कापलेले भात शेतातच भिजले ते वेगळे, आणि त्या वर्षीच्या अवकाळी पावसाने घाटावरच्या पिकांचेही हाल केले. फुसक्या बाराची उपमा मला तेव्हापासून पटत नाही.

सगळ्यांत अवघड प्रश्न शास्त्राच्या पलीकडचा आहे. वादळ विरणार असे दिसत असताना ते कधी, किती ठासून सांगायचे? वादळ कुठे जाईल हे आजकाल बऱ्यापैकी अचूक सांगता येते. ते किती बळाचे असेल हे सांगणे त्या मानाने कठीण राहिले आहे. समजा ‘येते आहे’ म्हणून सांगितले आणि ते विरले, तर थोडी टवाळी होईल, चार दिवसांचा धंदा बुडेल. पण समजा ‘विरते आहे, घाबरू नका’ म्हणून सांगितले आणि ते विरलेच नाही, तर? २०२३ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोच्या अकापुल्को शहरासमोर ‘ओटिस’ नावाचे मध्यम प्रतीचे वादळ होते. ते फार वाढेल असे सुरुवातीच्या अंदाजांत नव्हते. एका दिवसात ते सर्वांत वरच्या श्रेणीला पोहोचले आणि मध्यरात्री शहरावर आदळले. असे एक उदाहरण डोळ्यांपुढे असले, की अंदाज लिहिणाऱ्याची लेखणी ‘क्षीण’ शब्दापाशी जरा थबकणारच. माझ्या मते ती थबकावीच.

तरी २०१३ च्या नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात ‘लेहर’ आले, तेव्हा ती लेखणी वेळेवर उतरली. अंदमान ओलांडून ते अतितीव्र होऊन आंध्रच्या किनाऱ्याकडे निघाले होते. सहाच दिवसांपूर्वी ‘हेलन’ने तोच किनारा झोडपला होता आणि लोक पुन्हा घरे सोडून निघाले होते. पण कोरडी हवा, वरच्या थरातले वारे आणि पश्चिमेकडचे कमी ऊबेचे पाणी यांनी एका दिवसात त्याचा कणा मोडला. २८ नोव्हेंबरला मछलीपट्टणजवळ ते आले ते साधा कमी दाबाचा पट्टा म्हणून, आणि त्याआधीच इशारेही खाली उतरवले गेले होते. वादळ जसे विरत गेले तशी पत्रके विरत गेली. हे काम मला नाटकातल्या टाळ्यांच्या वाक्यापेक्षा मोठे वाटते, पण त्याला टाळी पडल्याचे ऐकिवात नाही.

उलट ‘ओखी’ची कथा पाहा. एकाच वादळाने दोन किनाऱ्यांवर दोन उलट्या तक्रारी उभ्या केल्या. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ते कन्याकुमारीजवळ इतक्या झपाट्याने उठले, की केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार समुद्रात होते ते परत आलेच नाहीत. तिथला आक्रोश होता, ‘आधी का सांगितले नाही?’ तेच वादळ विरत विरत आपल्याकडे आले. ५ डिसेंबरला मुंबईत शाळांना सुट्टी दिली गेली, दिवसभर पाऊस रिपरिपला आणि वादळाचे उरलेसुरले शेपूट रात्री डहाणू-सुरतच्या दरम्यान जमिनीवर गेले. इथली कुरकुर होती, ‘उगाच का सांगितले?’ मुलांना सुट्टी मिळाली, पालकांची एक रजा गेली. दोन्ही तक्रारी एका तराजूत घालायचा धीर मला होत नाही.

पण ‘उगाच का सांगितले’ म्हणणारे सगळेच आपल्यासारखे बैठकीत बसून बोलणारे नसतात, हेही मला त्याच सुमारास कळले. माझ्या वर्गात सातपाटीचा एक मुलगा होता. ‘महा’च्या दिवसांत तो आठवडाभर आला नाही. परत आल्यावर मी विचारले, तर म्हणाला, “सर, बाबांची बोट अर्ध्यातून परत आली. बर्फ वितळला, डिझेल जळलं, खलाशांचं द्यावंच लागतं. आधी पावसाळा लांबला, मग क्यार, मग हे. हंगाम सुरू झाल्यापासून किती दिवस गेले ते बाबांनी भिंतीवर रेघा मारून ठेवलेत.”

मी अर्थात गुरुजीपणाने म्हणालो, “पण अरे, आलं असतं तर?”

तो शांतपणे म्हणाला, “बाबाही तेच म्हणतात, सर. ते वेधशाळेला काही बोलत नाहीत. ते म्हणतात, वादळ मरणार असेल तर तेही तितक्याच मोठ्यानं सांगा. बंदरावर बावटा चढतो तेव्हा सगळ्या गावाला कळतं. उतरतो तेव्हा कुणी सांगत नाही.”

मला यावर बोलण्यासारखे काही सुचले नाही. आपल्या बंदरांवर धोक्याच्या खुणांचे क्रमांक असतात. एक आणि दोन दूरच्या वादळासाठी, तीन नंबरचा बावटा आपल्या माहितीचा, आणि आठ, नऊ, दहा महाधोक्याचे. वादळाच्या बातमीत कितवा बावटा चढला हे ठळक असते. तो उतरल्याची बातमी मात्र, छापली तर, नाट्यगृहांच्या जाहिरातींच्या वर दोन ओळींत येते. दर दिवसाला पोट बांधलेल्या माणसाला त्या दोन ओळींची किंमत केवढी असते, हे त्या तांडेलाने भिंतीवर लिहून ठेवले होते.

आणि न आलेल्या वादळांचा आणखी एक हिशेब असतो, तो पुढच्या वादळाच्या वेळी चुकता होतो. ‘महा’नंतर सात महिन्यांनी, ३ जून २०२० ला, ‘निसर्ग’ आले. श्रीवर्धनला माझा मावसभाऊ असतो. दोन एकरांची सुपारीची वाडी, मधोमध कौलारू घर. आदल्या रात्री मी फोन केला, तर म्हणाला, “अरे, ‘महा’ही येणार होतं. ‘वायू’ही येणार होतं. लांडगा आला रे आला, किती वेळा ऐकायचं?” मी त्याला एवढेच सांगितले, की ती दोन्ही वळणारी वादळे होती, हे सरळ किनाऱ्याकडे येते आहे, आणि विरेल असे एकाही पत्रकात म्हटलेले नाही. वहिनींनी मागून फोन घेतला आणि विचारले, “भाऊजी, नक्की तसं लिहिलेलंच नाही का?” मी पत्रक पुन्हा वाचून दाखवले. वादळ जमिनीवर आल्यानंतर क्षीण होईल असे त्यात होते, समुद्रात होईल असे नव्हते. उलट किनाऱ्याला लागण्याआधी ते तीव्र होणार होते.

वहिनींनी रात्रीच सासूबाईंना आणि मुलांना शाळेच्या पक्क्या इमारतीत हलवले. दुसऱ्या दिवशी दुपारी ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटरच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या वाड्या कापून काढल्या. मावसभावाच्या घराचे अर्धे छप्पर गेले. सुपारीची झाडे काडेपेटीतल्या काड्यांसारखी एका बाजूला पडली. नवी लावलेली फळाला यायला सात-आठ वर्षे लागतात. माणसे मात्र सगळी जागच्या जागी होती.

हल्ली मावसभाऊ स्वतः पत्रके वाचतो. २०२३ च्या जूनमध्ये ‘बिपरजॉय’ दहा-बारा दिवस अरबी समुद्रात रेंगाळत होते, तेव्हा तो मला रोज फोन करून त्याची प्रकृती सांगायचा. वरचा वारा कसा आहे, पाणी किती गरम आहे, डोळा दिसतो की झाकला. ते १५ जूनच्या संध्याकाळी कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आले, तोवर शिखरावरचे बळ बरेच ओसरले होते. तरी एक लाखाच्या आसपास माणसे आधीच हलवलेली होती. मावसभाऊ म्हणाला, “विरलं रे थोडं. पण पुरतं नाही.” त्याने ‘विरलं’ हा शब्द आपणहून वापरला, हे मी मनात टिपून ठेवले.

सातपाटीचा तो मुलगा पदवीधर झाला आणि आता मासळीच्या एका सहकारी संस्थेत हिशेब पाहतो. परवा रस्त्यात भेटला. मी विचारले, बाबा अजून रेघा मारतात का? हसून म्हणाला, रेघा मारतात, पण आता दोन रंगांत. समुद्रात वादळ उठले, की शेवटचे पत्रक निघेपर्यंत तो मोबाइलवर सगळी पत्रके वाचतो, आणि ‘क्षीण’ शब्द दिसला की लगेच घरी फोन करतो. मग बाबा बर्फवाल्याला निरोप धाडतात, पण बोट लगेच सोडत नाहीत. आणखी एक भरती किनाऱ्यावर बसून पाहतात, लाटा कशा येतात ते बघतात, आणि मगच खलाशांना हाक मारतात.